कनान आणि बॅबिलोन : मातीच्या पाट्यांनी जपलेले नाते

इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात बॅबिलोनचा राजा दुसरा बर्नाबुरियाश याने इजिप्तचा फेरो अखेनातन याला एक तक्रारपत्र पाठवले. बॅबिलोनचे काही व्यापारी राजदूताच्या काफिल्यासोबत पश्चिमेकडे निघाले होते. दूत पुढे इजिप्तला गेला. व्यापारी मात्र आपल्या व्यवहारासाठी कनानमध्ये मागे थांबले. गॅलिली परिसरातील हिन्नातुना या गावी दोघा स्थानिक सत्ताधाऱ्यांनी माणसे पाठवून त्यांची हत्या केली आणि त्यांच्याजवळचे द्रव्य लुटले. कनान हा तुमचा मुलूख आहे आणि तेथील राजे तुमचे चाकर आहेत. तेव्हा मारेकऱ्यांना देहदंड द्या आणि लुटलेली चांदी भरून द्या, असा या पत्राचा आशय आहे. कारवाई झाली नाही, तर हेच लोक उद्या तुमच्या दूतांनाही मारतील आणि दोन्ही दरबारांमधील दळणवळण तुटेल, असा इशाराही त्यात दिलेला आहे.

इजिप्तमधील अमार्ना येथे १८८७ मध्ये उजेडात आलेल्या सुमारे ३८० मृण्मय पाट्यांपैकी ही एक पाटी. पत्र लिहिणारा बॅबिलोनचा, वाचणारा इजिप्तचा आणि गुन्हा घडला तो कनानमध्ये. परंतु या तिन्ही ठिकाणच्या लेखनिकांना वाचता येत होती ती एकच भाषा, बॅबिलोनची. फेरोला पत्रे लिहिताना कनानचे छोटे-मोठे राजेही हीच भाषा वापरत. त्यांच्या स्वतःच्या बोलीला त्या काळी दरबारात स्थान नव्हते.

कनानी आणि बॅबिलोनी या दोन प्राचीन समाजांची ओळख बहुतेक वाचकांना होते ती बायबलमधील कथांमधून. त्यामुळे त्यांच्या नात्याविषयी दोन टोकाच्या समजुती रूढ झाल्या आहेत. दोघे मुळात एकच होते, ही एक समजूत. बॅबिलोन हा कनानचा केवळ संहारक होता, ही दुसरी. गेल्या दीडशे वर्षांत उत्खननातून पुढे आलेला पुरावा या दोन्ही समजुतींना छेद देतो. हे दोन समाज भाषेने एकमेकांचे नातलग होते, व्यापारात भागीदार होते आणि लेखनविद्येत प्रथम गुरू-शिष्य होते. पुढे बॅबिलोन जेता ठरला आणि कनान जित. अखेरीस मात्र कनानच्या मातीत रुजलेल्या अक्षरांनीच बॅबिलोनची लिपी कालबाह्य ठरवली.

दोन प्रदेश, एक मार्ग

कनान हे आजचे इस्रायल, पॅलेस्टिनी प्रदेश, लेबनॉन आणि जॉर्डन व सीरियाचा काही भाग मिळून होणाऱ्या भूभागाचे प्राचीन नाव. येथे एकछत्री राज्य क्वचितच होते. हासोर, मेगिद्दो, शखेम, जेरुसलेम, बिब्लॉस, टायर, सिडॉन अशी तटबंदीची नगरे आणि त्यांचे स्वतंत्र राजे, अशी येथील रचना होती. इ.स.पू. पंधराव्या शतकापासून ही नगरे इजिप्तच्या अंमलाखाली आली. किनाऱ्यावरील कनानींनाच ग्रीकांनी पुढे फिनिशियन म्हटले. इस्रायली लोक स्वतःला कनानींपासून वेगळे मानत. तरी त्यांची हिब्रू भाषा कनानी भाषागटातीलच आहे.

बॅबिलोन हे आजच्या इराकमधील युफ्रेटिस नदीकाठचे शहर. सुमेर आणि अक्कद या त्याहून प्राचीन संस्कृतींचा वारसा घेऊन इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभी ते उदयास आले. बॅबिलोनी ही अक्कादी भाषेची दक्षिणेकडील बोली. ती ओल्या मातीवर बोरूने दाब देऊन उमटवलेल्या कीलाकार म्हणजेच क्युनिफॉर्म लिपीत लिहिली जात असे.

नकाशावर हे दोन प्रदेश सरळ रेषेत जवळ भासतात. परंतु त्यांच्यामध्ये सीरियाचे वाळवंट पसरले आहे. त्यामुळे काफिले युफ्रेटिसच्या काठाने वायव्येकडे चढत आणि मग पश्चिमेला व दक्षिणेला वळून कनानमध्ये उतरत. या वळणावरची नगरे दोन्ही संस्कृतींमधील दुवा ठरली. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे नगर म्हणजे आजच्या सीरियातील मारी.

समान पूर्वजांचा धागा : अमोरी

सुमेरी लोक पश्चिमेकडील भटक्या पशुपालकांना ‘मर्तु’ म्हणत, तर अक्कादी भाषेत त्यांना ‘अमुर्रु’ म्हटले जाई. इतिहासात ते अमोरी या नावाने ओळखले जातात. सुमेरी साहित्यात त्यांची संभावना कच्चे मांस खाणारे आणि घरदार नसलेले रानटी लोक अशी केलेली आढळते. इ.स.पू. एकविसाव्या शतकात उर नगराचा राजा शू-सिन याने त्यांना रोखण्यासाठी एक लांबलचक तटबंदीही उभारली. मात्र या तटाचा उपयोग फार काळ झाला नाही. उरची सत्ता कोसळली आणि पुढील काही पिढ्यांत मेसोपोटेमियातील अनेक नगरांच्या गादीवर अमोरी घराणी बसली. बॅबिलोनचे पहिले राजघराणे त्यांपैकीच एक होते.

या घराण्याचा सहावा राजा हम्मुराबी. प्रचलित कालगणनेनुसार त्याची कारकीर्द इ.स.पू. १७९२ ते १७५० अशी मानली जाते. त्याचे नाव अक्कादी नसून अमोरी आहे. त्यातील ‘अम्मु’ म्हणजे आप्त अथवा कुळातील वडीलधारा आणि ‘रापि’ म्हणजे बरे करणारा, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. त्याच घराण्यातील पुढचा राजा अम्मिसादुका याच्या नावातील ‘सादुक’ आणि हिब्रूतील ‘त्सादिक’ म्हणजे न्यायी हे शब्द एकाच मुळाचे आहेत. बॅबिलोनच्या सर्वांत विख्यात राजाचे नाव कनानमध्ये परके वाटले नसते, इतके हे साम्य निकटचे आहे.

अमोरी भाषा आणि कनानी भाषा या दोन्ही वायव्य सेमिटिक गटातल्या. अक्कादी ही पूर्व सेमिटिक. त्यामुळे कनानी आणि बॅबिलोनी या भाषा सख्ख्या बहिणी नसल्या, तरी चुलत बहिणी नक्कीच होत्या. घराला बॅबिलोनीत ‘बीतु’, तर कनानी गटातील हिब्रूत ‘बेत’. कुत्रा ‘कल्बु’ आणि ‘केलेब’, सूर्य ‘शम्शु’ आणि ‘शेमेश’, देव ‘इलु’ आणि ‘एल’. काही शब्दांनी मात्र वाटा बदलल्या. बॅबिलोनीत राजाला ‘शर्रु’ म्हणत. त्याच मुळाचा हिब्रू शब्द ‘सर’ हा केवळ अधिकाऱ्याला लागू होतो. उलट कनानीत राजासाठी ‘मल्क’ या मुळाचा शब्द आला. बॅबिलोनीत त्याच मुळाच्या क्रियापदाचा अर्थ सल्ला देणे असा होतो.

अमोरी भाषा प्रत्यक्ष कशी होती, हे दीर्घकाळ केवळ व्यक्तिनामांवरून ताडले जात होते. ही उणीव अलीकडे बऱ्याच अंशी भरून निघाली. अँड्र्यू जॉर्ज आणि मान्फ्रेड क्रेबर्निक या अभ्यासकांनी खासगी संग्रहांतील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दोन पाट्यांचे वाचन प्रसिद्ध केले. या पाट्यांवर एका रकान्यात अमोरी आणि दुसऱ्यात अक्कादी मजकूर आहे. देवतांची व नक्षत्रांची नावे, खाद्यपदार्थ आणि वस्त्रे यांच्या याद्यांबरोबरच आल्या-गेल्याचे स्वागत करण्याची आणि खाण्यापिण्याच्या आग्रहाची वाक्येही त्यांत आहेत. आजच्या प्रवाशांसाठीच्या संभाषण पुस्तिकेसारखे त्यांचे स्वरूप आहे. त्यातील अमोरी वाक्ये हिब्रूच्या जाणकाराला ओळखीची वाटावीत अशी आहेत.

प्राचीन जनुकांचा अभ्यासही याच दिशेने काही सांगतो. मेगिद्दोसह पाच स्थळांवरील ७३ कांस्ययुगीन व्यक्तींच्या अवशेषांचे नवे विश्लेषण २०२० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कनानी लोकांच्या वारशात स्थानिक नवाश्मयुगीन लोकसंख्येबरोबरच ईशान्येकडील, म्हणजे झाग्रोस पर्वत व कॉकेशसशी नाते सांगणारा मोठा अंश आढळला, आणि हे स्थलांतर दीर्घकाळ सुरू होते असे दिसले. मात्र याचा अर्थ कनानी हे बॅबिलोनमधून आले असा होत नाही. भाषा, वंश आणि राज्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या पुराव्यावरून दुसरी सिद्ध होत नाही.

कथील, काफिले आणि दूत

कांस्ययुगाचे नावच ज्या धातूवरून पडले तो तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून तयार होतो. तांबे सायप्रस बेटावर व कनानच्या दक्षिणेस मिळत असे. कथील मात्र इराणच्या पलीकडून एलाममार्गे मेसोपोटेमियात येई. कनानच्या शस्त्रांसाठी, अवजारांसाठी आणि देवमूर्तींसाठी लागणारे कथील पूर्वेकडूनच यावे लागे. या व्यापाराची नोंद मारीच्या राजवाड्यात सापडली.

मारी येथे १९३३ मध्ये आंद्रे पारो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने उत्खनन सुरू केले आणि राजवाड्यातून हजारो पाट्या बाहेर आल्या. इ.स.पू. अठराव्या शतकातील या दफ्तरात हासोरचा राजा इब्नी-अद्दु याला पाठवलेल्या कथलाचा हिशेब आहे. बॅबिलोन आणि हासोर यांच्या दरम्यान दूतांची ये-जा होत असल्याचे उल्लेखही त्यात आढळतात. सुमारे ८० हेक्टरांवर पसरलेले हासोर हे तेव्हा कनानमधील सर्वांत मोठे नगर होते. कनानी हा शब्दही याच दफ्तरातील एका पत्रात आढळतो. तो चोरांच्या जोडीने आला आहे, हे त्या काळातील परस्परांविषयीच्या समजाचे द्योतक मानता येईल. इ.स.पू. १७६० च्या सुमारास हम्मुराबीने मारीचा पाडाव केला. राजवाडा जळाला, परंतु मातीच्या पाट्या ढिगाऱ्याखाली शाबूत राहिल्या.

या व्यापारी जाळ्याचे टोक भारतीय उपखंडापर्यंत पोहोचत होते, याचाही पुरावा अलीकडे मिळाला आहे. मेगिद्दो येथील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका व्यक्तीच्या दातांवरील कीटणात हळद आणि सोयाबीन यांचे अंश आढळल्याचे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

कनानी मुलांची बॅबिलोनी पाटी

व्यापाराबरोबर लेखनविद्याही पश्चिमेकडे गेली. आजच्या इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्रदेशांत कीलाकार लिपीतील सुमारे शंभर लेख सापडले आहेत. संख्येने ते थोडे असले, तरी त्यांचे वैविध्य लक्षणीय आहे. हासोरला गुणाकाराचे कोष्टक, शब्दांच्या याद्या आणि बळी दिलेल्या मेंढीच्या यकृतावरून शकुन पाहण्यासाठी घडवलेल्या मातीच्या यकृत-प्रतिकृती मिळाल्या. अफेक येथे सुमेरी, अक्कादी आणि कनानी अशा तीन भाषांतील शब्दयादीचा तुकडा मिळाला. बॅबिलोनमधील लेखनशाळेत जो अभ्यासक्रम होता, त्याच अभ्यासक्रमाची धुळाक्षरे कनानमधील मुले गिरवत होती, हे यातून स्पष्ट होते.

हासोर येथेच २०१० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या पथकाला एका कायदेविषयक पाटीचे दोन छोटे तुकडे सापडले. इ.स.पू. अठराव्या-सतराव्या शतकातील या तुकड्यांवर दासाच्या अवयवाला इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचे नियम आहेत, आणि त्यांची धाटणी हम्मुराबीच्या संहितेशी मिळतीजुळती आहे. डोळ्याबद्दल डोळा आणि दाताबद्दल दात हे तत्त्व हम्मुराबीच्या संहितेतही आहे आणि हिब्रू बायबलमध्येही. हे साम्य कसे आले, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. बॅबिलोनी न्यायपरंपरा बायबलच्या लेखनाच्या कित्येक शतके आधी कनानमध्ये पोहोचली होती, एवढे या तुकड्यांनी निश्चित केले.

मेगिद्दो येथे विसाव्या शतकाच्या मध्यास गिल्गमेश महाकाव्याचा एक तुकडा सापडला. जुन्या उत्खननातून बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात तो पडून होता. त्यावर गिल्गमेशाचा मित्र एन्किडू याच्या मृत्युशय्येचा प्रसंग आहे. याचा अर्थ चौदाव्या शतकातील कनानी लेखनिक बॅबिलोनचे केवळ व्यवहारापुरते शब्द शिकत नव्हते. त्या संस्कृतीचे अभिजात साहित्यही त्यांच्या हाती होते.

परंतु शिकलेली भाषा आणि मायबोली यांची सरमिसळ टळत नाही. अमार्ना दफ्तरातील कनानी राजांच्या पत्रांत ती पदोपदी दिसते. शब्द बॅबिलोनी आहेत. क्रियापदांना लागलेले प्रत्यय आणि काळाची व्यवस्था मात्र कनानी आहे. बॅबिलोनीत मराठीप्रमाणे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. कनानी लेखनिक ते आपल्या बोलीच्या वळणाने आधीच आणून ठेवतात. आरंभीच्या अभ्यासकांनी या भाषेला अशुद्ध बॅबिलोनी ठरवून बाजूला सारले होते. विल्यम मोरान या अमेरिकन विद्वानाने १९५० मध्ये बिब्लॉसच्या पत्रांचा सूक्ष्म अभ्यास करून या कथित चुकांना स्वतःचे पक्के व्याकरण असल्याचे दाखवून दिले. कनानी भाषेच्या त्या काळच्या रूपाविषयी जे ज्ञात आहे, त्यातील मोठा भाग या ‘चुकां’मधूनच हाती आला आहे.

बिब्लॉसचा राजा रिब-हद्दा याची साठहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. शत्रूने वेढलेल्या नगरातून तो फेरोकडे वारंवार धान्य आणि सैनिक मागतो. आपली अवस्था सापळ्यातील पक्ष्यासारखी झाली आहे, असे सांगताना त्याचा लेखनिक आधी बॅबिलोनी शब्द लिहितो, मग एक तिरपी खूण करतो आणि पुढे ‘किलुबि’ हा कनानी शब्द देतो. हिब्रूमधील पिंजऱ्यासाठीचा शब्द याच मुळाचा आहे. शखेमचा राजा लाबाया याच्या एका पत्रात तर मुंगीलाही डिवचले तर ती मारणाऱ्याच्या हाताला चावते, अशा अर्थाची म्हण आली आहे; तेथे बॅबिलोनी भाषेचे आवरण अगदीच विरळ झालेले दिसते. अशा पत्रांमध्ये कागदोपत्री भाषेमागून बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

या पत्रव्यवहारात राजकीय संबंधांचेही धागे आहेत. आपला पूर्वज कुरिगाल्झु याच्याकडे कनानींनी इजिप्तविरुद्ध एकत्र उठाव करण्याचा प्रस्ताव पाठवला होता, अशी आठवण बर्नाबुरियाश दुसऱ्या एका पत्रात फेरोला करून देतो. कुरिगाल्झुने तो प्रस्ताव फेटाळला होता, हे सांगण्यामागे अर्थातच फेरोकडून मैत्रीची परतफेड मिळवण्याचा हेतू होता. इजिप्तच्या अंमलाखालील कनानींना आधारासाठी बॅबिलोनकडे पाहावेसे वाटले होते, ही बाब यातून पुढे येते.

देवतांची सामाईक भाषा

धर्मकल्पनांमध्येही हे नाते दिसते. मेघ आणि वादळ यांचा देव बॅबिलोनमध्ये अदाद, तर कनानमध्ये हद्दु या नावाने पूजला जाई. ‘बाल’ म्हणजे स्वामी हे हद्दुचे बिरुद. त्याच मुळाचे ‘बेल’ हे बिरुद बॅबिलोनमध्ये मर्दुक देवाला लाभले. प्रेम आणि युद्ध यांची देवता इश्तार कनानमध्ये अश्तार्त या रूपात आढळते. सूर्य मात्र बॅबिलोनमध्ये शमश हा देव, तर सीरियाच्या किनाऱ्यावरील युगारिट नगरात शप्शु ही देवी आहे.

बॅबिलोनच्या सृष्टिकथेत मर्दुक हा सागररूपी तिआमतला ठार करून विश्वाची रचना करतो. १९२९ पासून उत्खनन झालेल्या युगारिटच्या पाट्यांत बाल हा याम, म्हणजे समुद्र, याचा पराभव करून राजपद मिळवतो. ही कथा पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली, असे आधी गृहीत धरले जाई. सुमेरविद्येचे अभ्यासक थॉर्किल्ड याकोबसेन यांनी १९६८ मध्ये उलट शक्यता मांडली : वादळाचा देव आणि समुद्र यांच्या लढाईची कल्पना समुद्रकाठच्या प्रदेशात सुचणे अधिक स्वाभाविक होय. मारीच्या दफ्तरातील एका पत्राने या मताला बळ दिले. त्यात अलेप्पोचा अदाद देव आपण समुद्राशी लढताना वापरलेली शस्त्रे राजाला दिल्याचे सांगतो. हे पत्र बॅबिलोनी सृष्टिकथेच्या उपलब्ध रूपाहून कित्येक शतके जुने आहे. म्हणजे विचारांची वाहतूक एकाच दिशेने होत नव्हती.

नेबुखद्नेस्सरचे बॅबिलोन

इ.स.पू. १२०० च्या सुमारास पूर्व भूमध्य प्रदेशातील राज्यव्यवस्था कोलमडली. युगारिट उद्ध्वस्त झाले, कनानवरील इजिप्तचा अंमल संपला आणि बॅबिलोनी लिहिण्याची तेथील परंपराही खंडित झाली. दोन प्रदेशांची पुन्हा गाठ पडली ती साडेपाचशेहून अधिक वर्षांनी, आणि या वेळी बॅबिलोन सैन्य घेऊन आले.

दुसरा नेबुखद्नेस्सर इ.स.पू. ६०५ मध्ये गादीवर आला. पुढच्याच वर्षी त्याने अश्केलोन उद्ध्वस्त केले. इ.स.पू. ५९७ मध्ये जेरुसलेम शरण आले आणि दशकभरानंतर ते मंदिरासह जाळण्यात आले. टायरचा वेढा तेरा वर्षे चालल्याचे इतिहासकार जोसेफस सांगतो. लेबनॉनच्या वादी ब्रिसा येथील खडकावर नेबुखद्नेस्सरने कोरवलेला लेख आजही आहे. डोंगर फोडून देवदारांच्या वाहतुकीसाठी मार्ग केल्याचा अभिमान त्यात व्यक्त झाला आहे.

या स्वारीच्या तोंडाशी किनाऱ्यालगतच्या एका नगराचा राजा अदोन याने फेरोकडे मदत मागितली. बॅबिलोनच्या राजाचे सैन्य अफेकपर्यंत आले आहे, असे कळवणारे त्याचे पत्र १९४२ मध्ये इजिप्तमधील सक्कारा येथे सापडले. रिब-हद्दाच्या विनवण्यांनंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी लिहिलेले हे पत्र मातीवर नव्हे, तर पपायरसवर आहे. भाषा बॅबिलोनी नव्हे, अरमाईक आहे.

जित नगरांमधील राजे, कारागीर आणि खलाशी बॅबिलोनला नेण्यात आले. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने तेथील राजवाड्यात केलेल्या उत्खननात शिधावाटपाच्या पाट्या सापडल्या. त्यांचे वाचन १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. यहुदाचा राजा यहोयाखिन आणि त्याचे पाच पुत्र, अश्केलोनच्या राजाचे पुत्र, टायरचे लोक, बिब्लॉस आणि अर्वादचे सुतार यांना दिलेल्या तेलाचे माप त्यांवर नोंदलेले आहे. बायबलमधील यहोयाखिनाच्या बंदिवासाच्या कथेला शत्रूच्याच कोठारातील हिशेबाने असा दुजोरा मिळाला.

इतर निर्वासितांना ओसाड जमिनी कसण्यासाठी खेड्यांत वसवण्यात आले. त्या खेड्यांना त्यांनी आपल्या गावांची नावे दिली. निप्पुर परिसरातील दस्तऐवजांत टायर, अश्केलोन आणि गाझा या नावांच्या वस्त्या आढळतात. अल-याहुदू, म्हणजे यहुदाचे गाव, या वस्तीशी संबंधित करार, कर आणि कर्ज यांच्या पाट्यांमधून तेथील कुटुंबांच्या अनेक पिढ्यांचा जीवनक्रम उलगडतो. त्यांतील सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ मधील आहे.

अक्षरांची परतफेड

बॅबिलोनी लिपी शिकायला शेकडो चिन्हे आत्मसात करावी लागत. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धातच कनानी भाषकांनी इजिप्तच्या चित्रलिपीतून निवडक चिन्हे घेऊन एक सोपी पद्धत घडवली होती. चिन्हाने दाखवलेल्या वस्तूच्या नावातील पहिला ध्वनी एवढाच त्या चिन्हाचा उच्चार. बैलाचे डोके म्हणजे ‘अल्प’, घर म्हणजे ‘बेत’. या लिपीचे नमुने सिनाईतील सेराबित अल-खादिम येथील खाणींच्या परिसरात फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ मध्ये मिळाले. लाखिश येथे सापडलेल्या हस्तिदंती कंगव्यावर याच लिपीतील १७ अक्षरे असून, या कंगव्याने केसांतील व दाढीतील उवा जावोत, अशी इच्छा त्यांत व्यक्त केलेली आहे. दरबाराने दुर्लक्षिलेली लिपी अशी नित्याच्या वापरात जगत होती.

पुढे फिनिशियनांनी ती २२ अक्षरांत स्थिर केली आणि अरामी लोकांनी ती त्यांच्याकडून उचलली. अरमाईक ही कनानी भाषा नव्हे. परंतु तिची लिपी कनानी वंशाची होती. अरमाईक भाषा मेसोपोटेमियात पसरली, तशी ती लिपीही बॅबिलोनच्या कचेऱ्यांत शिरली. कातड्यावर शाईने लिहिणाऱ्या लेखनिकाला बॅबिलोनीत ‘सेपिरु’ असे वेगळे नाव पडले. मातीच्या पाटीवर करार कीलाकार लिपीत लिहायचा आणि तो चटकन ओळखता यावा म्हणून कडेला अरमाईक अक्षरांत टीप द्यायची, अशी पद्धत रूढ झाली. हळूहळू टीप उरली आणि पाटी मागे पडली. कालनिश्चिती झालेली कीलाकार लिपीतील शेवटची पाटी इ.स. ७५ च्या सुमाराची असून ती खगोलगणिताची आहे.

अरमाईक लिपीच भारताच्या वायव्य सीमेपर्यंत आली. सम्राट अशोकाचे अरमाईक लेख तक्षशिला आणि कंदहार येथे मिळाले आहेत. खरोष्ठी लिपीचा उगम अरमाईकमधून झाल्याचे सर्वसाधारणपणे मान्य आहे. देवनागरीची पूर्वज असलेल्या ब्राह्मीबाबत मात्र विद्वानांत मतभेद आहेत.

कनाननेही बॅबिलोनकडून एक ठेवा कायमचा स्वीकारला. झिव, एतानिम, बुल ही महिन्यांची जुनी कनानी नावे मागे पडली आणि निर्वासितांनी बॅबिलोनी नावे आपलीशी केली. नीसान, तम्मूज, आब, एलूल ही नावे ज्यू पंचांगात आजही आहेत आणि किरकोळ उच्चारभेदाने इराक, सीरिया व लेबनॉनमधील अरबी दिनदर्शिकेतही आहेत.

आजचे दावे, हरवते पुरावे

कनानींचे खरे वारस कोण, हा प्रश्न आज केवळ विद्वानांपुरता उरलेला नाही. पश्चिम आशियातील भूमीवरील हक्काच्या वादात प्राचीन नावे वारंवार पुढे केली जातात. जनुकीय अभ्यासात कांस्ययुगीन कनानींशी जुळणारा वारसा आजच्या अनेक ज्यू आणि अरबीभाषक समूहांमध्ये दिसून आला आहे. एकाच समूहाला तो बहाल करण्यास पुराव्यात आधार नाही.

हा पुरावाही सुरक्षित नाही. २००३ मध्ये बगदादचे इराक संग्रहालय लुटले गेले. सीरियातील युद्धकाळात मारीच्या अवशेषांची मोठ्या प्रमाणावर चोरटी खोदाई झाली. गिल्गमेश कथेतील स्वप्नप्रसंगाची चोरीला गेलेली पाटी अमेरिकेकडून इराकला २०२१ मध्ये परत मिळाली. अमोरी-अक्कादी शब्दसंग्रह आणि अल-याहुदूच्या पाट्याही शास्त्रशुद्ध उत्खननातून आलेल्या नाहीत. त्यांचा मजकूर वाचता आला. परंतु त्या कोणत्या घरात, कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंसोबत होत्या, ही माहिती कायमची गेली. हासोरच्या कायद्याचे तुकडे आणि बॅबिलोनच्या कोठारातील तेलाचा हिशेब यांना इतके मोल आले, ते त्यांच्या मूळ जागेची नोंद झाली म्हणूनच.